बॅटरीचा काय अपराध?

आमची मोटार वयानें तुमच्यापैकीं कोणाहि विद्यार्थ्याहून वडील आहे. आरमोरीहून वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीस, किंवा वडशाच्या स्टेशनावर, तिनें आम्हांस वर्षानुवर्षें बिनतक्रार नेलें. गेल्या हिवाळ्यांत मात्र ती सकाळीं उठेनाशी झाली. किल्ली फिरवावी, तों नुसता 'टक्' असा आवाज! आम्ही पडलों विज्ञानाचे शिक्षक. तपास न करितांच निकाल दिला कीं, बॅटरी मेली. जुनी मोडींत घातली व पगारांतून नवी आणली.

तीन आठवड्यांनीं गडचिरोलीहून वक्तृत्वस्पर्धा आटोपून तीन मुलांसह परत येत होतों. अंधार पडला होता. मागें बसलेल्या एकानें विचारलें, "सर, तो लाल दिवा कशाचा?" तो दिवा कित्येक दिवस मिणमिणत होता. आम्हीं म्हटलें, "गप्प बैस. जुन्या गाड्यांचें असेंच असतें." थोड्याच अंतरावर समोरचे दिवे पिंवळे पडले, आणि ऐन रानांत एंजिन बंद झालें. या रानांत वाघ आहेत, हें तुम्हां आरमोरीकरांस सांगावयास नको. कांचा वर करून बसलेल्या त्या मुलांच्या श्वासांचा आवाज आम्हांस अद्याप ऐकूं येतो. अखेर एका मालमोटारीनें आम्हांस ओढून गांवांत आणिलें.

मिस्त्र्यानें बॅटरी प्रथम बाहेरून भरवून घेतली व दुसऱ्या दिवशीं मीटर लाविला. एंजिन बंद असतां १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी धडधाकट. एंजिन सुरू झाल्यावर आंकडा १३.८ ते १४.४ पर्यंत चढावयास हवा. तो चढेना, उलट उतरूं लागला. तेव्हां आम्ही पांडित्यानें म्हणालों, "बॅटरीची तार काढून पाहूं, एंजिन बंद पडलें तर अल्टरनेटर बिघडला." त्यानें आमचा हात धरिला. "सर, ती युक्ति डायनॅमोच्या काळची. चालू एंजिनावर तार काढली, तर अल्टरनेटरांतले डायोड जळतील." मग त्यानें पट्ट्यावर अंगठा दाबला. पट्टा अर्धा इंच दबावा, तो दीड इंच खालीं गेला. बाजूंनीं गुळगुळीत झालेला व आंतून चिरलेला. एंजिन फिरे, पण पट्टा घसरे, आणि अल्टरनेटर पुरता फिरत नसे. नवा पट्टा बसतांच, समोरचे दिवे लावूनहि आंकडा १४.१ वर स्थिर झाला.

जातां जातां त्यानें तपासाचा क्रम सांगितला. आधीं पट्टा, मग बॅटरीच्या टोकांवरील बुरा व अर्थिंगची तार, मग अल्टरनेटरचे ब्रश. आंकडा १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर पाहावा. भरणें ठीक असूनहि रात्रींत बॅटरी उतरली, तर किल्ली काढल्यावर वीज कोठें खर्च होते तें शोधावें.

चुंबक व तारेचें वेटोळें यांत गति असल्यावांचून वीज उपजत नाहीं, हा फॅरडेचा १८३१ सालचा शोध आम्ही दरवर्षीं फळ्यावर लिहितों. येथें ती गतीच मंदावली होती, आणि आम्ही झऱ्याकडे न पाहतां रित्या घागरीस बोल लावीत होतों! मोडींत घातलेली बॅटरी निर्दोष होती काय, हें आतां कळावयाचें नाहीं. परंतु ज्या मुलास गप्प केलें, त्याची क्षमा मागतां येत होती. ती आम्हीं भर वर्गांत मागितली.

आतां किल्ली फिरवितांच तो लाल दिवा लागतो व एंजिन सुरू होतांच मावळतो. तो मावळलेला पाहिल्यावांचून आम्ही गाडी हालवीत नाहीं. आणि कोणीं त्याविषयीं विचारिलें, तर गाडी थांबवून सांगतों.