मुलांचे आजोळ आग्र्याला

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या वस्तीतल्या निम्म्या घरांना कुलपे लागतात. कुणी महाडला जाते, कुणी फलटणला, कुणी जालन्याला, कुणी अकोल्याला. आम्ही बॅगा भरू लागलो की शेजारी विचारतात, "यंदाही आग्रा? ताजमहाल बघायला का?" ताजमहालाचे निमित्त आम्हाला लागत नाही. आग्रा हे माझ्या मुलांचे आजोळ आहे.

माझी पत्नी उत्तर प्रदेशातली, आग्र्याच्या जाटव कुटुंबातली. तिचा थोरला भाऊ पूर्वी धारावीत चामड्याच्या कामाला होता. विहारात त्याची माझी ओळख झाली. दोन्ही घरे बौद्ध, म्हणून लग्न ठरले. ठरले म्हणणे सोपे आहे. आमच्याकडे विचारणारे होते, "आपल्यात मुलगी मिळाली नाही का?" तिच्याकडे विचारणारे होते, "एवढ्या लांब, परक्या भाषेत मुलगी कशी देता?" दोन्ही प्रश्नांच्या पोटात जातच होती. धम्म घेतला तरी 'आपल्यात' हा शब्द कितीतरी घरांत अजून पोटजातीच्या पलीकडे जात नाही, हे आपण सगळे जाणतो.

चार तिकिटांसाठी दर महिन्याला थोडी थोडी रक्कम बाजूला ठेवावी लागते. १९१२ सालापासून धावणारी पंजाब मेल ही आमची गाडी. मुंबईहून संध्याकाळी निघाली की साधारण साडेतेराशे किलोमीटर तोडून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आग्रा कँटला पोचते. सकाळी नर्मदा लागते. भोपाळ सोडले की मुले खिडकीला चिकटतात, कारण पुढे सांची येते. टेकडीवरचा स्तूप धावत्या गाडीतून दिसतो तेवढाच, पण दिसतो. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी १९५२ साली तिथल्या नव्या विहारात ठेवल्या गेल्या, हे मी दरवर्षी सांगतो. "पप्पा, मागच्या वर्षीही सांगितलं होतं," असे धाकटी दरवर्षी म्हणते. दुपारनंतर चंबळचे घळघळीचे रान, मग धौलपूर आणि मग आग्रा.

आग्रा कँटला उतरले की पत्नीचा आवाज बदलतो. मुंबईत ती मराठी बोलते, आणि चांगली बोलते, पण जपून बोलते. इथे रिक्षावाल्याशी भाव करताना तिचा आवाज मोठा होतो, हसणेही मोठे होते. दारात नानी उभी असते. मुलाला 'लल्ला' आणि मुलीला 'लाली' म्हणून कवटाळते. माझी आई तिच्यासाठी कुरडया पाठवते, नानी परतीला मंगौडी बांधून देते. मंगौडी म्हणजे मुगाचे सांडगे. दोघी लग्नात एकदाच भेटल्या, एकमेकींची भाषा दोघींनाही येत नाही. पण गेली पंधरा वर्षे हे डबे काही थांबलेले नाहीत.

घर दोन खोल्यांचे आणि पुढची खोली म्हणजे कारखाना. भिंतीला फर्मे लावलेले, जमिनीवर रापी, हातोडी, चिकटवायच्या द्रावणाचा डबा. आग्र्याचा बूट देशभर जातो, पण तो अशा किती खोल्यांतून तयार होतो हे घालणाऱ्याला ठाऊक नसते. वरचा भाग शिवणारा कारागीर वेगळा, तळ बसवणारा वेगळा. कडा दुमडणे, चिकटवणे ही कामे घरच्या बायका करतात. मजुरी जोडीवर. नाना सांगतात, त्यांच्या उमेदीच्या काळात संध्याकाळी टोपलीत जोड भरून हिंग की मंडीच्या बाजारात जावे लागे. व्यापारी रोख पैसे देत नसे, पर्ची देई. पैसे पुढे कधीतरी. घरात पीठ नसेल तर तीच पर्ची कमी पैशात मोडायची. म्हणजे घाम आज गाळायचा, आणि त्याचे दाम आज हवे असतील तर त्यातूनही कापून द्यायचे. सोव्हिएत रशियाला आग्र्याचे बूट जात तेव्हा बरे दिवस होते. १९९१ साली तो देशच फुटला आणि अनेकांचे काम गेले. मामाचा मुलगा आता संगणकाचा अभ्यासक्रम करतो. मामा म्हणतात, "रापी माझ्यापाशी थांबली तरी चालेल, पोराचं शिक्षण थांबू नये."

आता ज्याकरिता हे लिहायला घेतले ते सांगतो. माझा मुलगा सातवीत आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या फाटकाशी आई त्याला हिंदीत हाक मारताना काही मुलांनी ऐकले आणि त्याला चिडवू लागली, "याची आई भय्यीण!" त्या दिवशी घरी येऊन तो आईला म्हणाला, "शाळेपाशी बोलू नकोस." ती काही बोलली नाही. चपात्या लाटत राहिली. त्या रात्री मी त्याला पुष्कळ समजावले, पण उपदेशाने पोर किती बदलते हे आईबापांना सांगायला नको.

त्या मे महिन्यात नानांनी त्याला चक्कीपाटच्या बुद्ध विहारात नेले. विहार जुना, वस्तीच्या गर्दीतला. १८ मार्च १९५६ रोजी बाबासाहेब आग्र्याला आले होते. त्या दिवशी रामलीला मैदानावर त्यांची प्रचंड सभा झाली. शिकलेले लोक आपापले पोट भरण्यात गुंतले आणि समाजाला विसरले, ही वेदना त्यांनी तिथेच बोलून दाखवली. चक्कीपाटच्या विहारातील बुद्धमूर्ती त्यांच्याच हस्ते बसवली गेली. नाना तेव्हा नऊ वर्षांचे होते, वडिलांचा हात धरून सभेला गेले होते. भाषण त्यांना कळले नाही. गर्दीत पायातली एक चप्पल हरवली, आणि चप्पल करणाऱ्याचे पोर अनवाणी घरी आले, हे मात्र पक्के आठवते.

मुलगा बोटांवर महिने मोजत होता. "म्हणजे नागपूरच्या आधी?" होय बाळा, नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ सात महिने आधी. आपल्याकडे मुलांना महाड, नाशिक, येवला, नागपूर तोंडपाठ असते. आग्र्याचे नाव आपण त्यांना सांगतो का? बाबासाहेबांचा समाज मराठीतच बोलतो असे त्यांना वाटू लागले, तर त्यात मुलांचा काय दोष?

इथल्या माणसांनी सोसलेही कमी नाही. जून १९९० मध्ये आग्र्याजवळच्या पनवारी गावात जाटव मुलीच्या लग्नाची वरात अडवली गेली. त्यातून जिल्ह्यात हिंसाचार पसरला, आग्र्यात संचारबंदी लागली. माझी पत्नी तेव्हा सहा वर्षांची होती. दाराला आतून कडी आणि आईच्या तोंडावर बोट, एवढेच तिला आठवते. त्या हिंसाचारातल्या एका खटल्याचा निकाल पस्तीस वर्षांनी, २०२५ साली लागला आणि दोषींना शिक्षा झाली. मामांच्या शेजारच्या मुलाची वरात मुलांनी पाहिली तेव्हा त्यांना फक्त घोडा आणि बँड दिसला. नानी मात्र वरात वळणापलीकडे जाईपर्यंत ओट्यावर उभीच होती.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, तारीख धरून ठेवा. मे महिन्यात लू वाहते. अकरा ते पाच घराबाहेर पडू नका, कैरीचे पन्हे पीत राहा. सकाळी बेडई आणि जिलेबी खा. कोहळ्याचा पेठा ओळखीच्या दुकानातून घ्या. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, आणि पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसते. पण एक संध्याकाळ चक्कीपाटसाठी ठेवा.

दरवर्षी निघण्याच्या आठ दिवस आधी मामा मुलांना कागदावर उभे करून पेन्सिलीने पाऊल आखून घेतात. जून महिन्यात शाळेचे बूट तेच असतात. यंदा वर्गातल्या एकाने बूट कुठून घेतले असे विचारले तेव्हा मुलगा म्हणाला, "माझ्या मामाने केलेत. आग्र्याला. माझ्या नानांनी बाबासाहेबांना पाहिलंय." हे त्याने मला सांगितले नाही, आईला सांगितले. हिंदीत.

बंधुभगिनींनो, ज्यांच्या घरात परराज्यातली सून किंवा जावई आहे त्यांनी सुट्टीत मुलांना तिकडे अवश्य न्यावे. आपला समाज देशभर एक आहे असे आपण व्यासपीठावरून म्हणतो. त्या एकीला मामा, मावशी, नानी अशी नाती मिळाली, तर मुलांना ती शिकवावी लागणार नाही.