अ‍ॅल्युमिनियमच्या होडीचे पोचे




अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या होडीला पडलेला प्रत्येक पोचा काढावा लागत नाही. कुठल्या पोच्याला हात लावायचा आणि कुठला तसाच ठेवायचा, हे हातोडी उचलण्यापूर्वी ठरले, की पुढचे निम्मे काम हलके होते.

मिनेसोटाच्या तळ्यांवर दिसणाऱ्या या होड्यांची घडण विमानांच्या कारखान्यातून आली. ग्रुमन ही न्यूयॉर्क राज्यातली विमान बनवणारी कंपनी १९४५ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या कनू करू लागली. १९४६ मध्ये मिनियापोलिसला अ‍ॅल्युमाक्राफ्ट सुरू झाली, तर १९४८ मध्ये मिनेसोटातल्याच न्यूयॉर्क मिल्स या गावी लुंडच्या होड्या बनू लागल्या. विमानाप्रमाणेच येथेही पातळ पत्रा आडव्या फासळ्यांवर रिवेट मारून बसवलेला असतो. पत्र्याची जाडी बहुधा दीड-दोन मिलिमीटर. दोन फासळ्यांमधला पत्रा मोकळा असल्याने तिथला पोचा सहसा दिसण्यापुरता असतो. फासळीवर किंवा रिवेटच्या ओळीवर पडलेला पोचा मात्र सांधा सैल करतो, म्हणून पहिले लक्ष त्याच्याकडे द्यावे लागते.

तपासणी पाण्याने होते. होडी ट्रेलरवर असताना बुडाचे बूच लावून आत चार बोटे पाणी सोडतात. त्याहून जास्त भरू नये, कारण पाण्याचे वजन ट्रेलरच्या मोजक्या आधारांवर येऊन नवेच पोचे पडतात. बाहेरून जिथे थेंब धरेल तिथे खडूने खूण करावी. शिसपेन्सिल वापरू नये. तिच्यातले ग्राफाइट ओल लागली की अ‍ॅल्युमिनियमला गंजवते. नंतर होडी उपडी करून दिव्याचा तिरका उजेड पाडला, तळवा फिरवला, की डोळ्यांना न दिसलेले पोचेही हाताला लागतात.

पोचे मुख्यतः दोन जातींचे. रुंद आणि उथळ पोच्यात पत्रा फारसा ताणलेला नसतो. कडेच्या घडीने तो अडकून बसलेला असतो. असा पोचा आतून तळहाताने किंवा रबरी हातोड्याने दाबला तरी पुष्कळदा परत येतो. खडकावर आपटून पडलेला टोकदार पोचा वेगळा. तिथला पत्रा ताणून पातळ झालेला असतो आणि त्याचे क्षेत्रफळ वाढलेले असते. वाढलेला पत्रा सपाट करू गेले तर त्याला बसायला जागा उरत नाही. मग डब्याच्या झाकणासारखा तो आत-बाहेर टक-टक करत राहतो. अधिक ठोकावे तसा तो अधिक ताणला जातो, कडक होतो आणि शेवटी चिरतो. टोकदार पोचा म्हणूनच पूर्ण सपाट करण्याचा हट्ट धरू नये. ऐंशी-नव्वद टक्के वर आणून थांबणे हेच चांगले काम.

ठोकण्याला दोन माणसे लागतात. एक जण बाहेरून जड, गुळगुळीत डॉली (टेका देण्याचा धातूचा ठोकळा) किंवा वाळूची घट्ट पिशवी धरतो. दुसरा आतून लाकडी किंवा रबरी हातोड्याने हलके ठोके देतो. सुरुवात पोच्याच्या कडेपासून करून गोल फिरत मध्याकडे जावे. थेट मध्यावर मारलेला पहिला ठोका पत्रा आणखी ताणतो. चार-पाच ठोक्यांनंतर हात फिरवून पाहावे. हातोड्याच्या तोंडावर किंवा डॉलीवर ओरखडा असेल, तर तोच पत्र्यावर उमटतो. फासळी वाकली असल्यास आधी ती सरळ करावी, मग पत्रा. सैल रिवेटच्या डोक्याला जड लोखंडाचा टेका देऊन शेपटी पुन्हा ठोकली, की बरीचशी गळती तिथेच थांबते. चीर गेली असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना साधारण ३ मिलिमीटरचे भोक पाडून ती पुढे सरकण्यापासून रोखतात. मग सीलंट लावून त्याच जातीच्या पत्र्याचे ठिगळ रिवेटने बसवतात.

उष्णता देऊन पत्रा नरम करण्याचा मोह आवरावा. तांबट भांडे मठारताना ते अधूनमधून तापवतो आणि तांबे लाल होऊन किती तापले ते सांगते. अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही. होडीत सर्रास वापरला जाणारा ५०५२ हा मिश्रधातू सुमारे ३४५ अंश सेल्सिअसला नरम पडतो आणि ६०० अंशांच्या थोडे पुढे गेला की काहीही न सांगता वितळू लागतो. शिवाय या पत्र्याची ताकद कारखान्यात थंड लाटण्यातून आलेली असते. ज्योतीने गेलेली ताकद पुन्हा ज्योतीने येत नाही.

उरलेला खळगा पुट्टीने भरतात. मोटारगाड्यांची पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते, म्हणून पाण्याखाली राहणाऱ्या भागाला एपॉक्सी पुट्टीच वापरावी, तीही पातळ थरांत. मात्र पुट्टी आणि रंग टिकणे न टिकणे पत्र्याच्या स्वच्छतेवर ठरते, आणि घाई नेमकी इथेच होते. आधी सॉल्व्हंटने तेल-ग्रीस पुसावे, त्यानंतर ८० नंबरच्या काचकागदाने घासावे. क्रम उलटला तर ग्रीस घासणीच्या रेघांत शिरून बसते. लोखंडी घासणी किंवा लोखंडावर वापरलेला ब्रश चालत नाही. अडकलेले लोखंडाचे कण पुढे गंजाला कारण होतात. कॉस्टिक सोडा असलेले रंगकाढू द्रावण अ‍ॅल्युमिनियमच खाते. जुन्या होडीत हिरवट-पिवळे अस्तर निघाले, तर ते झिंक क्रोमेट असू शकते. त्याची धूळ कर्करोगाला कारण ठरते, त्यामुळे ते कोरडे घासू नये.

स्वच्छ पाणी ओतले आणि ते थेंब न धरता सलग पसरले, तर पत्रा तयार झाला. हवा लागताच घासून गेलेला ऑक्साइडचा थर पुन्हा चढू लागतो, म्हणून पत्रा नीट वाळताच त्याच दिवशी पुट्टी आणि अ‍ॅल्युमिनियमसाठीचा प्राइमर लावावा. दोन्ही एकाच कंपनीचे घेतले, तर एकावर दुसरे धरेल की नाही ही शंका राहत नाही. मिनेसोटाच्या एप्रिलमधल्या रात्री बऱ्याच रंगांसाठी फार थंड असतात; डब्यावर लिहिलेले किमान तापमान रात्रीही टिकेल असे दिवस निवडावेत.

चकचकीत रंग राहिलेला प्रत्येक उंचवटा दाखवतो. करडा किंवा शेवाळी, बिनचकाकीचा रंग या होड्यांना सर्वांत शोभतो. शेवाळ न धरावे म्हणून मिळणारा तांबेयुक्त रंग अ‍ॅल्युमिनियमला कधीही लावू नये, तांब्यामुळे पत्र्याला भोके पडतात. सकाळी ट्रेलरवरून तळ्यात उतरणाऱ्या आणि संध्याकाळी बाहेर येणाऱ्या होडीला असल्या रंगाची गरजही नसते.