अब्बांची खूण

मुलांनो, डोंगरकड्याची केळी तुम्ही खाल्ली असतील. माझे अब्बा ती जुन्या पिकअप गाडीतून नांदेडला नेत. अब्बा गेले आणि गाडी अंगणातच उभी राहिली. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती दुरुस्तीला काढली.

स्टेअरिंगचे चाक डुगडुगत होते. आतले बेअरिंग झिजले असावे, म्हणून दांडा बाहेर काढणे भाग होते. मी बॅटरीची तार सोडली, हॉर्नचे बटण काढले, मधला नट सैल केला. (नट पूर्ण काढू नये, चाक एकदम तोंडावर येते!) तरी चाक सुटेना. मी रागाने हातोडा उचलला.

"थांब, बेटा!" मिस्त्रीचाचा ओरडले. "दांडा वाकेल. पुलर लावू. पण आधी खूण कर. दांड्याला बारीक दाते असतात. एक दाता चुकला, तरी गाडी सरळ चालताना चाक तिरपे राहते."

खूण करायला मी ग्रीस पुसले. तिथे दोन ठिपके आधीच ठोकलेले होते, एक दांड्यावर, एक चाकावर, अगदी समोरासमोर. अब्बांशिवाय या गाडीला कोणी पाना लावला नव्हता.

मी हातोडा खाली ठेवला. चाचांनी पुलर लावला. कट्‌ असा आवाज झाला आणि चाक माझ्या हातात आले.