रेवसची भरती आणि तिथीची पाऊणपट

शाळांचीं विज्ञानप्रदर्शनें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. पुठ्ठ्याचे ज्वालामुखी, उघडझांप करणारे दिवे, आणि त्यांच्यामागें उभीं राहून पाठ केलेलें भाषण म्हणणारीं मुलें! यांत मुलांचें किती व वडिलांचें किती, हें परीक्षकांनीं विचारावयाचें नसतें, असा अलिखित नियम दिसतो.

गेल्या वर्षीं अलिबाग तालुक्याच्या प्रदर्शनासाठीं रेवसची एक कोळ्याची मुलगी आमच्याकडे सल्ला मागावयास आली. तिचें यंत्र म्हणजे धक्क्याशीं बांधलेला, रंगाच्या खुणा केलेला एक बांबू, आणि एक वही. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावर सर्वांस ठाऊक आहे. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. तो कितपत खरा, एवढेंच तिला पाहावयाचें होतें.

दोन पक्षांच्या नोंदी आम्हीं वाचल्या. अमावास्येच्या आसपास हिशेब बराच जुळत होता. परंतु षष्ठीची साडेचारची भरती वहींत चारलाच येऊन गेली होती! जन्मभर पंचांग हाताळलेलें. आमचा विश्वास वहीपेक्षां पाऊणपटीवर अधिक. आम्ही म्हणालों, “बाळ, अर्ध्या तासाचें काय एवढें? हिशेबास जुळतील असे आंकडे घाल, तक्ता सुबक दिसेल.”

मुलगी कांहीं वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, “पण गुरुजी, पाणी तेव्हांच चढलं होतं.”

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनीं कुलाब्याच्या वेधशाळेंतील चुंबकसूची विचलित होतील, म्हणून १९०४ पासून अलिबागेस नोंदी घेऊं लागले. इमारतीस लोखंडसुद्धां वर्ज्य केलें. ही कथा आम्हींच वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस सांगत आलों, आणि आतां एका मुलीस खोटी नोंद करावयास शिकवीत होतों!

सकाळीं पुस्तकें काढलीं. समुद्र ओढण्याचें सूर्याचें बळ चंद्राच्या निम्म्याहून थोडें कमी. अमावास्या-पौर्णिमेस दोघे एका रेषेंत ओढतात, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास परस्परांस काटकोनांत, तो भांग. मधल्या तिथींस सूर्य भरतीची वेळ थोडी अलीकडे ओढतो, अष्टमीनंतर पलीकडे. म्हणजे वहीच खरी, पाऊणपट ही केवळ सरासरी.

मुलीकडे जाऊन आम्हीं आपली चूक कबूल केली. तिनें तक्ता होता तसाच लावला. पहिला क्रमांक दिव्यांच्या एका प्रतिकृतीस मिळाला; तिच्या बांबूजवळ परीक्षक फारसे थांबले नाहींत.

परततांना तिचे आजोबा धक्क्यावर जाळें विणीत बसले होते. सर्व हकीकत ऐकून ते हंसले. षष्ठीस आपण नेहमींच अर्धा तास आधीं होडी काढतों, पाऊणपट ही किनाऱ्यावरच्या माणसांस सांगावयाची, असें त्यांनीं जाळ्यावरची नजर न काढतां सांगितलें.