उजवीकडचा तानपुरा

इंदूरला गेलो होतो आतेभावाच्या मुलीच्या साखरपुड्याला. जानेवारीचा शेवट, थंडी बऱ्यापैकी होती. गोव्याच्या माणसाला पंधरा अंशांतही हुडहुडी भरते, त्यामुळे दोन दिवस मी शाल पांघरूनच वावरत होतो. होळकरांच्या काळात तिकडे गेलेल्या मराठी घरांतली आता चौथी-पाचवी पिढी आहे. त्यांचं मराठी ऐकायला मोठं गोड, मधेच 'नं' लावणारं, मधेच बिनधास्त हिंदीत घुसणारं.

रविवारी सकाळी पोहे-जिलबी चालू असताना आतेभावाचा मुलगा म्हणाला, "काका, आज आमचे हेडफोनवाले जमणार आहेत. तुम्ही चला नं. गोव्याचे म्हटल्यावर तुम्हाला गाण्यातलं कळणारच."

हा एक गोड गैरसमज देशभर आहे. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ यांनी आमच्यासाठी एवढी पुण्याई करून ठेवली आहे, की गोव्याचा कुणीही कारकून बाहेरगावी गेला की त्याला निदान षड्ज तरी ओळखता येत असेल असं लोक धरून चालतात. (लताबाई जन्मल्या इंदुरात, २८ सप्टेंबर १९२९ ला. त्यामुळे त्या आमच्या की तुमच्या यावर साखरपुड्यातच एक चकमक झाली होती. ते असो.) मी पेटी थोडीशी शिकलेलो, ऐकतो मात्र पुष्कळ. गैरसमज दूर करायचा काही प्रयत्न केला नाही. कोण करतो?

तर एका चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही सातजण जमलो. टेबलावर दहा-बारा हेडफोन मांडून ठेवले होते, लग्नाच्या रुखवतासारखे. पंखा बंद, खिडक्या बंद, मोबाईल मुके. यांतले बरेच हेडफोन मागून उघडे असतात. त्यांच्यातून आतला आवाज बाहेर जातो तसा बाहेरचाही आत येतो. पण बंद डब्यात घुमल्यासारखं वाटत नाही, म्हणून दर्दी लोक त्यांच्यावर जीव टाकतात. सेनहायझरचे १९९७ चे एचडी ६०० आणि २००९ चे एचडी ८०० होते. ऑडीझीचे एलसीडी-२ होते, ते हातात घेतले तर अर्धा किलोच्या वर भरतील असे. आणि या थोरामोठ्यांच्या पंगतीत एका कोपऱ्यात कॉसचे पोर्टाप्रो, १९८४ पासून जवळजवळ त्याच रूपात मिळणारे, स्पंजाच्या गाद्यांचे, काही हजारांत येणारे. एचडी ८०० ची किंमत मुलाने कानात सांगितली तेव्हा मी ते अलगद खाली ठेवले.

आत काय असतं तेही त्यांनी समजावून सांगितलं. बहुतेकांत छोटा लाउडस्पीकरच असतो, पडदा आणि त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं. एलसीडी-२ मध्ये वेटोळं नाही. प्लास्टिकच्या अतिशय पातळ पडद्यावरच धातूची नक्षी असते आणि चुंबकांच्या बळाने सगळा पडदा एकदम हलतो. जपानच्या स्टॅक्स कंपनीच्या हेडफोनांत चुंबकही नसतं. ५८० व्होल्टचा दाब दिलेला पडदा दोन जाळ्यांच्या मध्ये थरथरतो. ते ऐकल्यावर कानाला ५८० व्होल्ट लावायची माझी तरी छाती झाली नसती, पण तो हेडफोन तिथे नव्हताच.

आणि गंमत अशी, की ही सगळी दुनिया सुरू झाली ती अमेरिकेत युटामधल्या एका स्वयंपाकघरातून. नॅथनियल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने १९१० च्या सुमारास घरीच हेडफोन बनवून अमेरिकेच्या नौदलाला पाठवले. त्याला हा नाद लागला तो म्हणे प्रार्थनामंदिरातली प्रवचनं नीट ऐकू येत नाहीत म्हणून. तेव्हा ही गोष्ट मी नुसती ऐकली आणि सोडून दिली.

पहिली फेरी उघड्या डोळ्यांनी झाली. तिचा निकाल काय लागणार हे तुम्हीही सांगाल. सर्वांत महाग तो सर्वांत चांगला. मीसुद्धा एचडी ८०० लावून डोळे मिटले, मान हलवली आणि "वा!" म्हटलं. खोटं नव्हतं ते. लाखाच्या वरची वस्तू डोक्यावर असली की "वा" आपोआपच निघतं.

तेव्हा 'सर' पुढे झाले. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, स्वेटर आणि माकडटोपी. त्यांनी सांगितलं, की २०१७ साली एका डच संशोधकाने २८३ हेडफोनांची मापं तपासली, आणि कुठला स्वर किती मोठा वाजतो या बाबतीत किमतीशी काही संबंध आढळला नाही. खोलीत ज्यांनी पैसे मोजले होते ते जरा चुळबुळले. सर म्हणाले, खरी लबाडी आवाजाच्या पातळीत असते. एचडी ६०० चा विरोध ३०० ओहमचा, मोबाईलला लावले तर ते पुटपुटतात. पोर्टाप्रो ६० ओहमचे, लगेच खणखणतात. आणि दोन आवाजांत जो थोडा मोठा, तोच आपल्याला जास्त स्वच्छ, जास्त खरा वाटतो. मोठा आहे हे लक्षातही येत नाही, चांगला आहे एवढंच वाटतं. (विधानसभेतही हेच चालतं म्हणा.)

मग त्यांनी पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात छोटा माईक बसवला. एकेक हेडफोन त्यावर टेकवून एकच शिट्टीसारखा सूर वाजवायचा आणि लॅपटॉपवर आकडा जुळेपर्यंत बटण फिरवायचं. अर्धा तास हेच. वाणी तराजूचा काटा बघतो तसे सर त्या आकड्याकडे बघत होते. चार हेडफोन निवडून त्यांना क, ख, ग, घ अशी नावं दिली. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर पंचा बांधायचा, हेडफोन दुसऱ्याने डोक्यावर ठेवायचा, आणि ऐकणाऱ्याने गुण आणि शेरा मोठ्याने सांगायचा. वजनावरून अंदाज येतोच, पण त्याला काय करणार?

ऐकायला रेकॉर्ड निवडली ती उस्ताद अमीर खाँसाहेबांची. इंदुरात दुसरं काय निवडणार? वडील शहामीर खाँ होळकर दरबारात सारंगी वाजवायचे, आणि मुलाने इंदूरचं नाव गायकीला दिलं. १९७४ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याला मोटार अपघातात गेले, वय अवघं एकसष्ट. रेकॉर्ड होती ती १९६० च्या सुमाराची, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. विलंबित झुमऱ्याच्या चौदा मात्रा इतक्या सावकाश, की समेची वाट बघायची सवय नसलेला माणूस मधे चहा करून येईल. मारव्यात पंचम नाही. कोमल रिषभावर सूर लोंबकळत राहतो, षड्जावर यायचं टाळत. मला वाटतं हेडफोन तपासायला याहून चांगलं काही नाही, कारण त्यात लपायला जागाच नाही. आवाज, तानपुरा, संथ ठेका, संपलं.

माझी पाळी आली. पंचा बांधला. गोव्याची अब्रू पणाला लागलेली, त्यामुळे मी शेरेही भरघोस दिले. 'क'ला म्हणालो, खर्ज जरा फुगीर आहे. 'ख'ला म्हणालो, "हा उत्तम! खाँसाहेब मधोमध बसले आहेत आणि तानपुरा उजवीकडे. जागा कशी मोकळी वाटते!" 'ग'लाही तसंच काहीतरी बोललो, 'घ'लाही. मुलगा लिहून घेत होता.

सरांनी विचारलं, "चारही हेडफोनांत तानपुरा उजवीकडे?"

"हो तर. स्पष्ट."

"रेकॉर्ड मोनो आहे हो," सर म्हणाले.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोनो म्हणजे दोन्ही कानांत तंतोतंत एकच आवाज. मेंदू तो डोक्याच्या मधोमध बसवतो. त्यात डावं-उजवं काही नसतंच. खाँसाहेब, तानपुरा, तबला, सगळे एकाच ठिकाणी, एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे.

मी पंचा काढला. कुणी हसलं नाही, उलट सगळ्यांनी तारेवर संशय घेतला. तार बदलली. सरांनी लावून बघितलं, मुलाने लावून बघितलं. "एकदम मधे आहे, काका." मग मी हेडफोन उलटा घातला, डावा उजव्या कानावर आणि उजवा डाव्यावर. दोष यंत्रात असता तर तानपुरा डावीकडे जायला हवा होता. तो हलला नाही. उजवीकडेच झणझणत राहिला.

त्यानंतरची दहा मिनिटं मी ती रेकॉर्ड ऐकत होतो ती वेगळ्याच कारणासाठी. खाँसाहेब मंद्रात उतरले की मधे असायचे, अगदी नाकाच्या रेषेत. आवाज वर चढू लागला की किंचित उजवीकडे झुकायचे, आणि तानपुऱ्याची जवारी तर पूर्ण उजवीकडे. म्हणजे डाव्या कानाला खालचं सगळं ऐकू येत होतं, वरचं नाही. एवढं मारव्याने मला सांगितलं. चाळिशी उलटल्यावर कान थोडे उतरतात हे माहीत होतं, पण दोन्ही बरोबरीने उतरतील असं धरून चाललो होतो.

चहा आला. सर माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "मला आठ हजारच्या वरचं काहीच ऐकू येत नाही. सत्तरी झाली. पण दुकानदाराला कळू देत नाही." मी हसलो. आठ हजार म्हणजे रुपये नव्हेत, कंपनं. रात्री सराफ्यात सगळ्यांनी गराडू खाल्ले. गर्दीत मी नकळत प्रत्येकाच्या डावीकडे जाऊन उभा राहत होतो, म्हणजे तो माझ्या उजव्या कानाला येईल. हे मी किती वर्षं करतोय कुणास ठाऊक. ऑफिसात माझ्या डाव्या बाजूला बसणारा सहकारी "दोनदा सांगितलं" म्हणायचा तेव्हा मी त्याला पुटपुट्या ठरवून मोकळा झालो होतो. बायको तर म्हणायचीच, की तुम्हाला नको ते ऐकू येत नाही. ती नेमकी स्वयंपाकघराच्या बाजूने बोलायची आणि माझी खुर्ची अशी, की स्वयंपाकघर डावीकडे.

गोव्यात परतल्यावर तपासणी केली. बंद काचेची खोली, हातात बटण, आणि डोक्यावर हेडफोन. इतका कुरूप हेडफोन मी आजवर बघितला नव्हता. पण त्याचा सूरन् सूर मोजून ठेवलेला असतो. २५० पासून ८००० कंपनांपर्यंत एकेका कानात बारीक सूर सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. कागदावर उजव्या कानाची रेघ जवळपास सरळ आली. डाव्याची २००० नंतर उतरत गेली, ४००० ला खड्डा, आणि ८००० ला पुन्हा थोडी वर. एकाच कानाला असं असेल तर मागे गाठ वगैरे नाही ना हे बघावं लागतं, म्हणून एमआरआय झाला. तो रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस मी गाणं लावलं नाही. रिपोर्ट चांगला आला.

डॉक्टरांनी विचारलं, मोठ्या आवाजाजवळ कधी काम केलंय? ४००० चा खड्डा बहुधा आवाजाने पडतो. मी नाही म्हणालो, आणि जिना उतरताना आठवलं. आमच्या वाड्यावरच्या नरकासुराची व्यवस्था मी दहा-बारा वर्षं बघितली. चतुर्दशीच्या पहाटेपर्यंत पोरं नाचायची आणि मी हिशेबाची वही घेऊन टेबलाशी बसायचो. टेबल ठेवायचं ते स्पीकरच्या भिंतीला लागून, डावीकडे, कारण विजेचा दिवा तिथेच असायचा. डॉक्टरांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, असेलही, खात्रीने सांगता येणार नाही. गेलेलं परत येत नाही, आहे ते सांभाळा.

मोबाईलमध्ये डावं-उजवं कमीजास्त करायची एक पट्टी असते. भाच्याने सुचवलं म्हणून ती सरकवून बघितली. डावीकडचा आवाज वाढवून तानपुरा मधोमध आणला, तर खाँसाहेबांचा खर्ज डाव्या खांद्यावर जाऊन बसला. खर्ज मधे आणला की तानपुरा पुन्हा उजवीकडे. दोन्ही एकदम जमत नाहीत. दोन-तीन रात्री हेच करत बसलो होतो.

सध्या खाँसाहेबांना मधे ठेवलंय. तानपुरा वाजतो उजवीकडे.