तिरप्या रेघेनंतरचा आकडा

आमच्या धरणगावात कॅन्सरचं नाव सहसा कुणी घेत नाही. ‘गाठ निघाली’, ‘तुकडा तपासायला पाठवलाय’ एवढं बोलून आवाज खाली जातो. पुढचं काय ते मुंबईला, टाटा रुग्णालयात कळतं. मलाही इतकंच माहीत होतं. यंदा मेडिकल कोडिंगचा क्लास लावला, निओप्लाझमचं, म्हणजे गाठींचं प्रकरण उघडलं, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाहीये!

सरावासाठी एक बायोप्सी रिपोर्ट होता. डाव्या गालाचं आतलं अस्तर, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. कोड सी०६.०. पण जिभेच्या कडेला झाला तर सी०२.१, खालच्या हिरडीला झाला तर सी०३.१. आणि गाल नि हिरडी यांच्यामधली ती खाच, जिथे कापूस वेचताना, पारावर बसल्या-बसल्या माणसं चुना लावलेली तंबाखू धरून ठेवतात? तिलाही स्वतःचा कोड आहे, सी०६.१! एका चिमटीची जागा, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या यादीत तिची वेगळी नोंद. मी आरशासमोर उभी राहून बोटाने ती खाच चाचपून पाहिली.

जागा झाली, आता पेशी. त्वचा, तोंड, आतडं यांच्या अस्तरातून किंवा ग्रंथींतून उठतो तो कार्सिनोमा. हाडा-स्नायूंतून उठतो तो सार्कोमा, त्याचं कुळच निराळं. कॅन्सरच्या नोंदणीत पेशीसाठी आणखी एक आकडा असतो: स्क्वॅमसचा ८०७०, ग्रंथीवाल्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाचा ८१४०. त्यापुढे एक तिरपी रेघ आणि रेघेनंतर एकच अंक.

या अंकाने मला वेड लावलंय. ० म्हणजे साधी गाठ, १ म्हणजे अजून सांगता येत नाही, २ म्हणजे जागच्या जागी, ३ म्हणजे आत शिरलेला. अस्तराच्या खाली एक अतिशय पातळ थर असतो, बेसमेंट मेम्ब्रेन. बिघडलेल्या पेशी त्या बांधाच्या आत आहेत तोवर ८०७०/२, आणि आयसीडी-१० मध्ये कोड ‘डी’ने सुरू होतो. बांध फोडून खाली उतरल्या की ८०७०/३, आणि ‘डी’चा ‘सी’ होतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी तेवढीशी फट, पण उपचार तिथेच बदलतात!

आणखी एक. गालाचा कॅन्सर फुफ्फुसात पोचला, तर आपण म्हणतो फुफ्फुसाचा झाला. कोड तसं म्हणत नाही. फुफ्फुसातच उगवला तर सी३४, दुसरीकडून आला तर सी७८.०. पेशी गालाचीच राहते, आणि डॉक्टर औषध ठरवतात तेही तिचं मूळ पाहूनच.

हे सगळं फक्त बिलासाठी असेल असं वाटत होतं, तोवर बार्शीचं वाचलं. १९८७ मध्ये तिथे ग्रामीण भागासाठी कॅन्सर नोंदणी सुरू झाली, देशातली पहिली. रुग्ण दवाखान्यात येईल याची वाट न बघता कार्यकर्ते गावोगाव जाऊन विचारपूस करत. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने १,३१,७४६ बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास केला. २००९ मध्ये निकाल आला: ज्या गटात एकदाच एचपीव्ही या विषाणूची चाचणी झाली, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एकदाच! कुणाला झाला, कुठल्या टप्प्यावर सापडला, कोण गेलं, हे वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने नोंदलं म्हणून तर हे मोजता आलं. गर्भाशयमुखात जागच्या जागी असलेल्याचा कोड डी०६, आत शिरलेल्याचा सी५३. आता हे दोन कोड दिसले की मला त्या गावांतल्या बायका आठवतात.

कालपासून रक्ताचे कॅन्सर वाचतेय, सी९१ ते सी९५. तिथे अवयवाची जागाच नाही, सगळी विभागणी पेशीवरून! क्लासच्या मॅडमना विचारायचे प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत, आणि ते पानही भरत आलंय.