फायनल इयरचा मान

भंडारा

चि. बाबू,


"मोठे बाबा, फायनल इयरची पोरं आहेत, त्यांना बाकावर कसं बसवू?" एवढं म्हणून तू फोन ठेवलास. झोप उडवलीस लेका. टीम काढतोस की लग्नाची पंगत बसवतोस? मानपान सांभाळायचा असेल तर कोच कशाला हवा, व्याही-विहीण पुरे!

तुझ्या त्या उंच सेंटरचंच घे. गेल्या सामन्यात दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याचा तिसरा फाउल झाला, तेव्हा मी घसा ताणून ओरडत होतो, काढ त्याला! पाच झाले की गडी बाहेर, हे तुला मी सांगायचं? तू हाताची घडी घालून उभा. मध्यंतरानंतर चौथा, लगेच पाचवा, आणि मग बोर्डाखालचा प्रत्येक चेंडू त्यांचाच. फुटबॉलवाल्यांना बदल मोजूनमापून मिळतात. आपल्या बास्केटबॉलमध्ये हवे तितके. तरी तुझे बाकीचे सात जण काय बाटल्या भरायला आणलेस?

पहिल्या पाचात नाव असणं म्हणजे मोठेपणा, हे खूळ कोणी घातलं रे तुमच्या डोक्यात? बोस्टनच्या रेड आवरबॅकनं १९५० च्या दशकातच फ्रँक रॅम्सेसारखा खेळाडू मुद्दाम बाकावर ठेवला होता. समोरचे दमले की ताज्या दमाचा रॅम्से आत. पुढे जॉन हॅवलिचेकनंही तेच काम केलं. जिनोबिलीनं २००४ मध्ये अथेन्सला अर्जेंटिनासाठी सुवर्णपदक जिंकलं, तरी सॅन अँटोनियोत तो वर्षानुवर्षं बाकावरून उठून खेळायचा. सामना चाळीस मिनिटांचा. सुरुवातीला कोण उभं होतं ते घरी गेल्यावर कोणाला आठवत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत मैदानावर कोण होतं, ते विचार.

सिनियरांची कीव तुला येते, ती मला कळते. विद्यापीठाच्या संघात निवड व्हायची, कलर कोट मिळायचा, तर यंदाच. पण कोट काय हजेरीवर वाटतात काय?

खरं सांगू, हरल्याचं मला एवढं नाही. तुमसरहून येणारा तो सेकंड इयरचा पोरगा आहे ना, डावखुरा, त्याच्यावर माझी नजर होती. तू बाकाकडे वळलास की त्याचा हात जाकिटाच्या चेनवर जायचा. अर्धी चेन उघडायचा, आणि तू दुसऱ्यालाच बोलवायचास. शेवटी त्यानं चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. तेवढं तुला दिसलं नाही, कारण तू स्कोअरबोर्डाकडे पाहत होतास.

तेव्हापासून तो सरावाला दिसलेला नाही. धानाची कापणी सुरू आहे, बापानं शेतावर ठेवून घेतला असेल, अशी मी समजूत घालतो. पण रोज शेवटच्या गाडीनं घरी जाणारं पोर, बसूनच राहायचं असेल तर भाडं कशाला खर्च करेल? आपल्याकडे अशी पोरं भांडत नाहीत बापा, गुपचूप येणं बंद करतात.

पुढच्या सामन्याची यादी लिहिण्याआधी तुमसरला जाऊन ये. फोनवर भागवू नकोस. आणि त्याला खेळवायचं नसेल तर तसं तोंडावर सांग, उगाच झुलवत ठेवू नकोस.

मोठी आई म्हणते, तू फार वाळलास. रविवारी जेवायला ये. भांडण जेवल्यावर करू.

तुझे
मोठे बाबा